घोडा सुटला, सफर उरली

कारध्याच्या पुलावरून वैनगंगा डोळे भरून पाहायची तर वेग आवरावा लागतो. शहर पाहण्याचा नियमही हाच. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम आली, 1907 साली विजेची. पुढे टॅक्सींनी व्हिक्टोरिया या घोडागाडीचे रोजचे काम घेतले, तरी मरीन ड्राइव्हवर ती पर्यटकांना समुद्र दाखवत राहिली, कारण ती उघडी आणि संथ होती. 2015 साली उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. चालकांच्या पोटाचे काय, हा प्रश्न रास्तच होता. पण घोड्यांचे हाल हे त्याचे उत्तर नव्हे. 2021 साली तशाच घाटाच्या विजेवरच्या बग्ग्या आल्या. म्हणजे सफरीचा प्राण घोड्यात नव्हता, संथपणात होता. मार्गदर्शकामागून स्कूटरवर शहर पाहायला निघणाऱ्यांनीही तोच संथपणा जपावा.