ली-एनफिल्ड रायफल, हेडस्पेस आणि सुट्या भागांची टंचाई : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात ‘अदलाबदलीयोग्य सुटे भाग’ या संकल्पनेला महत्त्वाचे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड व हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारांत ती आकारास आली. १८५० च्या दशकात अमेरिकी यंत्रे आणून इंग्लंडमधील एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने तिचा स्वीकार केला. त्यानंतर एका बंदुकीचा कोणताही भाग दुसरीस बसू लागला, असा समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. भारतात ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने परिचित असलेल्या ली-एनफिल्ड रायफलीच्या दुरुस्तीचा इतिहास पाहिल्यास हा समज तपासून घ्यावा लागतो. या शस्त्राचे आयुष्य त्याच्या रचनेइतकेच आर्मोररच्या गेजवर आणि बोटाच्या पेराएवढ्या एका पोलादी तुकड्यावर अवलंबून राहिले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हेडस्पेस : संकल्पना व मर्यादा

.३०३ काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेली कड असते. ही कड नळीच्या मागील तोंडावर टेकते आणि तिच्या मागे बोल्टचे टोक, म्हणजे ‘बोल्ट हेड’, येते. नळीचे तोंड व बोल्ट हेड यांच्यामध्ये कडेसाठी जी जागा उरते तिला हेडस्पेस म्हणतात. लष्करी गेजनुसार ही जागा किमान ०.०६४ इंच व कमाल ०.०७४ इंच असावी लागते. म्हणजे सारा व्यवहार इंचाच्या शंभराव्या भागात सामावलेला आहे.

जागा कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. हा दोष निदान लगेच लक्षात तरी येतो. जागा वाढली तर मात्र रायफल वरकरणी ठीक दिसते. गोळी सुटताना पितळी पुंगळीचा पुढचा भाग दाबाने चेंबरच्या भिंतीस चिकटतो, बूड मागे ढकलले जाते आणि बुडाच्या किंचित पुढे पितळ ताणून पातळ होते. तेथे पुंगळी तुटल्यास तप्त वायू मागे फुटतो, आणि मागे असतो तो नेम धरणाऱ्याचा चेहरा. ली-एनफिल्डचे अडकणे बोल्टच्या मागील बाजूस असल्याने स्फोटाच्या क्षणी संपूर्ण बोल्टवर ताण येतो. सततच्या वापराने अडकण्याच्या जागा झिजतात व हेडस्पेस वाढत जाते.

दोन मॉडेल, दोन पद्धती

या दोषावर उपाय म्हणून बोल्ट हेड स्वतंत्र, आट्यांवर फिरवून बसवण्याजोगे ठेवण्यात आले होते. १९०७ च्या मार्क ३ रायफलीत, तसेच युद्धकाळात उत्पादन सोपे करण्यासाठी १९१६ मध्ये आलेल्या मार्क ३* मध्ये, या भागावर लांबीचा क्रमांक नसे. आर्मोरर हाती असलेल्या तुकड्यांतून एकेक बसवून पाहत असे आणि लांब पडणारा किंचित घासून गेजमध्ये आणीत असे. बोल्टही त्या त्या रायफलीशी जुळवलेला असल्याने त्याच्या मुठीवर रायफलीचाच क्रमांक ठोकला जाई. यंत्रयुगाच्या या गाजलेल्या शस्त्राच्या हृदयस्थानी शेवटी कारागिराचा हातच होता!

दुसऱ्या महायुद्धकाळात मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या ‘नंबर ४’ रायफलीत ० ते ३ असे क्रमांक दिलेले चढत्या लांबीचे बोल्ट हेड आले. झीज वाढली की पुढच्या क्रमांकाचा तुकडा बसवायचा, अशी ही सुटसुटीत व्यवस्था होती. परंतु तिच्यातच टंचाईचे बीज होते. जुनी झालेली प्रत्येक रायफल सर्वांत लांब, म्हणजे ३ क्रमांकाच्या तुकड्याकडे सरकत जाते. त्यामुळे उत्पादन थांबल्यानंतर हाच तुकडा सर्वाधिक दुर्मीळ झाला. शिवाय दोन्ही मॉडेलांचे बोल्ट हेड परस्परांस बसत नाहीत.

भारतीय उपखंडातील परिस्थिती

बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात मार्क ३ मालिकेचेच उत्पादन झाले. नंबर ४ तेथे कधीच तयार झाली नाही. फाळणीच्या वेळी शस्त्रनिर्मितीचे सर्व सरकारी कारखाने भारताच्या हद्दीत राहिले. पाकिस्तानने पुढे वाह येथे कारखाना उभारला, तो नंबर ४ रायफलीसाठी. एकाच लष्कराचे दोन वारसदार अशा रीतीने परस्परांस न बसणाऱ्या सुट्या भागांच्या दोन वाटांनी गेले. काडतुसांच्या बाबतीत महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात .३०३ काडतुसे तयार होत आणि त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असत. ईशापूरची मोजमापे खडकीच्या कडेच्या जाडीशी जुळणे आवश्यक होते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने त्याच साच्यावर, पण अधिक मजबूत पोलादात, ७.६२ मिमीची २ए व नंतर २ए१ ही रायफल तयार केली. तिच्या काडतुसास बाहेर आलेली कड नसल्याने हेडस्पेस पुंगळीच्या खांद्यापासून मोजावे लागते. दिसायला सारख्या, परंतु गेज निराळे, अशी ही जोडी शस्त्रागारात निश्चितच दक्षतेची मागणी करणारी होती.

लष्करातून निवृत्त झालेली थ्री नॉट थ्री पोलिसांकडे दीर्घकाळ राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील हल्ल्याच्या वेळी तेथील पोलिसांच्या हाती ती होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर निरोप दिला. २००८ नंतर झालेली चर्चा प्रामुख्याने शस्त्राच्या जुनेपणाभोवती फिरली. पण केवळ वय हा अपुरा निकष आहे. गेजमध्ये बसणारी जुनी रायफल आणि बोल्ट बदललेली जुनी रायफल ही दोन वेगळी शस्त्रे आहेत, आणि ती हातात घेणाऱ्या शिपायास बाहेरून हा भेद दिसत नाही.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या कवायतीमुळे ‘डीपी’ रायफल महाविद्यालयांना परिचित आहे. ही दोन अक्षरे शस्त्र केवळ कवायतीसाठी असल्याची व त्यातून गोळी झाडू नये याची खूण होत. ज्या रायफली झिजून मर्यादेबाहेर गेल्या, त्यांतील अनेकींच्या वाट्यास ही खूण आली. मात्र टंचाईच्या काळात सुट्या भागांसाठी पहिली नजर अशाच रायफलींकडे वळते. संग्रहालयात वा महाविद्यालयाच्या संग्रहात अशी रायफल नोंदवताना बॉडीवरील क्रमांकाबरोबर बोल्टच्या मुठीवरील क्रमांकही उतरवून घ्यावा. दोन्ही जुळत नसल्यास ती रायफल एकदा तरी दुसरीच्या भागांवर जगली आहे, असे समजण्यास आधार मिळतो.