पॅरिसमधील जर्मन स्वातंत्र्य ग्रंथालय

१० मे १९३३ रोजी बर्लिन विद्यापीठासमोरील ऑपेरा चौकात विद्यार्थ्यांनी ग्रंथांची होळी पेटविली. अन्य अनेक विद्यापीठीय नगरांतही त्याच रात्री तसेच घडले. हाइनरिख मान, सिग्मंड फ्रॉइड, एरिख मारिया रेमार्क यांचे ग्रंथ त्यात भस्मसात झाले. एरिख केस्टनर हे तर गर्दीत उभे राहून स्वतःच्याच पुस्तकांचे दहन पाहत होते.

त्या घटनेच्या पहिल्या वर्षदिनी, १० मे १९३४ रोजी, पॅरिसमध्ये बुलवार आरागो या मार्गावर ६५ क्रमांकाच्या वास्तूत ‘जर्मन स्वातंत्र्य ग्रंथालय’ उघडण्यात आले. अध्यक्षपद हाइनरिख मान यांच्याकडे होते. प्रत्यक्ष भार वाहिला तो चिटणीस आल्फ्रेड कांटोरोविच यांनी. रोमाँ रोलाँ, एच. जी. वेल्स यांच्यासारख्यांचा पाठिंबा लाभला, तरी संग्रह उभा राहिला तो मुख्यतः निर्वासितांच्या आस्थेवर. ज्यांना उद्याच्या निवाऱ्याची शाश्वती नव्हती, त्यांनी जवळची पुस्तके सार्वजनिक कपाटात ठेवावीत, ही गोष्ट लहान नव्हे.

हे ग्रंथालय केवळ जळालेल्या ग्रंथांचे स्मारक नव्हते. बहिष्कृत साहित्याबरोबरच नाझींचे स्वतःचे लेखनही तेथे जमविले जाई आणि वृत्तपत्रांतील कात्रणांचे मोठे दप्तर अभ्यासकांसाठी सिद्ध ठेवलेले असे. प्रतिपक्षाचे ग्रंथ जाळावयाचे नाहीत, ते वाचून त्याला उत्तर द्यावयाचे, ही ग्रंथालयाची खरी रीत तेथे पाळली गेली. निर्वासित लेखकसंघाच्या साहाय्याने १९३५ मध्ये ‘जर्मनांसाठी जर्मन’ हा छोटेखानी संग्रह निघाला. भाषाविषयक निरुपद्रवी पुस्तिकेच्या वेषात तो जर्मनीत चोरून धाडण्यात आला. आत मजकूर होता ब्रेश्ट, आना सेगर्स अशा निषिद्ध लेखकांचा!

१९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि दैवाचा विचित्र फेरा आला. हिटलरच्या छळामुळे देश सोडलेल्या या मंडळींनाच फ्रेंच शासनाने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून छावण्यांत डांबले. कांटोरोविचही त्यातून सुटले नाहीत. ग्रंथालय बंद पडले. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. संग्रह विखुरला, तो पूर्वीसारखा पुन्हा एकत्र आला नाही.

युद्धानंतर कांटोरोविच पूर्व बर्लिनमध्ये परतले आणि त्यांनी हाइनरिख मान यांच्या निवडक साहित्याचे संपादन केले. परंतु तेथील राजवटीशीही त्यांचे जुळले नाही. १९५७ मध्ये ते पश्चिमेकडे निघून गेले. बर्लिनच्या त्या चौकात १९९५ मध्ये शिल्पकार मिखा उलमान यांनी जमिनीखाली एक दालन घडविले. वरच्या काचेतून आत पाहिले की पांढरी, रिकामी कपाटे तेवढी दिसतात. त्यांत वीस हजार ग्रंथ मावतील एवढी जागा आहे.