गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आणि अस्तराचा निरोप

मातेच्या उदरांत वाढणाऱ्या गर्भास अन्न आणि प्राणवायु मिळतो तो मातेच्या रक्तांतून. एरवीं गर्भाशयास मिनिटाला सुमारें ५० घनसेंटिमीटर रक्त पुरतें. दिवस भरत आले म्हणजे हाच पुरवठा ५०० घनसेंटिमीटरांहून अधिक होतो. इतकें रक्त जावयाचें तर वाहिन्या सैल व रुंद व्हावयास हव्यात. त्यांस सैल होण्याचा निरोप कोण देतें, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इंग्लंडांत हेन्री डेल यांनीं १९१४ सालीं अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. तें जनावरास टोंचून दिलें असतां रक्तदाब झपाट्यानें उतरे. म्हणजे वाहिन्या सैल होत. परंतु १९५३ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट फर्चगॉट यांस सशाच्या महारोहिणीच्या पट्टीवर नेमका उलटा अनुभव आला. त्याच द्रव्यानें पट्टी आंखडली! हें कोडें पंचवीस वर्षें तसेंच राहिलें. १९७८ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंत सहाय्यकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला, आणि वाहिनीचा तुकडा आंखडण्याऐवजीं सैल पडला. फर्चगॉट यांनीं ती गोष्ट चूक म्हणून सोडून न देतां तिचा पाठपुरावा केला. तेव्हां उलगडा झाला कीं, पूर्वीं पट्टी तयार करतांना तिची आंतली बाजू घासली जाई व तेथील पेशींचा नाजुक थर निघून जाई. थर शाबूत असेल तर वाहिनी सैल होते, नसेल तर आंखडते. ज्यास केवळ अस्तर समजत, तेंच निरोप देणारें ठरलें. हा शोध १९८० सालीं प्रसिद्ध झाला.

हा निरोप कोणत्या द्रव्याचा? हृदयशूलावर देण्यांत येणारें नायट्रोग्लिसरीन शरीरांत नायट्रिक ऑक्साइड वायु सोडतें, हें फेरिद मुराद यांनीं १९७७ सालींच दाखविलें होतें. अस्तराचा निरोप म्हणजे हाच वायु, असें फर्चगॉट व लुई इग्नारो यांनीं १९८६ सालीं स्वतंत्रपणें सुचविलें. पुढील वर्षीं त्यास पुरावाही मिळाला. मोटारीच्या धुरांत सांपडणारा हा वायु शरीरांत कांहीं क्षणच टिकतो. पण तेवढ्यांत तो शेजारच्या स्नायुपेशींत शिरतो, त्यांतील कॅल्शियमचें प्रमाण उतरतें, आणि स्नायु ढिला पडतो. या तिघांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

गर्भारपणांत ईस्ट्रोजेनचें प्रमाण वाढतें. मेंढ्यांवरील प्रयोगांत त्या ईस्ट्रोजेननें गर्भाशयाकडील रक्तप्रवाह वाढलेला दिसला. नायट्रिक ऑक्साइडची उत्पत्ति रोखली असतां मात्र ती वाढ घटली. १९७६ सालीं सांपडलेलें प्रोस्टासायक्लीनही याच अस्तरांतून निघून वाहिन्या सैल करतें. वारेस पुरेसें रक्त मिळालें नाहीं तर गर्भाची वाढ खुंटते. पुष्कळदां मातेचा रक्तदाब चढतो, मूत्रांतून प्रथिन जाऊं लागतें, आणि दोघांचेही प्राण धोक्यांत येतात.

मग हा निरोप बाहेरून कां पाठवूं नये? सिल्डेनाफिल हें औषध नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम लांबवितें. वाढ खुंटलेल्या गर्भांच्या मातांस तें देऊन हॉलंडांत चाचणी झाली. परंतु औषध घेतलेल्या मातांच्या नवजात बालकांत फुप्फुसांचे विकार व मृत्यु अधिक दिसल्यानें ती २०१८ सालीं थांबवावी लागली. उलट, वाहिन्या आंखडविणाऱ्या द्रव्यास आळा घालणारें साधें अ‍ॅस्पिरीन उपयोगी पडलें. २०१७ सालच्या एका मोठ्या चाचणींत, अधिक धोका असलेल्या गर्भिणींस वैद्यांच्या देखरेखीखालीं तें रोज १५० मिलिग्रॅम दिलें असतां, मुदतीपूर्वीं उद्भवणारा रक्तदाबाचा हा विकार निम्म्याहून कमी झाला.

निरोपाची भाषा कळली, तरी तो योग्य वेळीं व योग्य जागींच पोंचविण्याची विद्या अद्याप पुरती हस्तगत झालेली नाहीं. तोंवर गर्भिणीचा रक्तदाब वेळोवेळीं मोजून पाहणें, या साध्या खबरदारीवरच पुष्कळ मातांचा जीव अवलंबून आहे.