घराचा कोपरा सांभाळा : माळवदाच्या घरांचा इतिहास काय सांगतो?



गेल्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनची बीजप्रक्रिया दाखवायला गेलो होतो. काम आटोपल्यावर एका जुन्या माळवदाच्या घरी चहाला बसलो. घरच्या आजोबांनी मला हाताला धरून बाहेर नेले आणि घराचा कोपरा दाखवला. जोत्यापासून वरपर्यंत दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या होत्या. फटीत चार बोटे सहज जात होती. आजोबा म्हणाले, “साहेब, बियाण्याचं सांगितलंत. पण ज्या घरात बियाणं ठेवायचं, त्याचं कोण सांगणार?”

मी शेती शिकलेला माणूस, गवंडी नव्हे. पण प्रश्न मनातून जाईना. तेव्हापासून जुने गवंडी, सुतार आणि बांधकामाचे अभियंते यांना विचारत गेलो. त्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे शेताला ‘काळी’ म्हणतात आणि गावठाणाला ‘पांढरी’. काळी आपल्याला पोसते आणि पांढरी आपल्याला निवारा देते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, बीड, केज, अंबाजोगाई या भागांत, काळा पाषाण हाताशी. म्हणून तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आल्या. गोदाकाठी गेवराई-माजलगावकडे माती खोल आणि दगड कमी, तेव्हा तिथे मातीच्या भिंती जास्त. पण दोन्हीकडे घराचा खरा सांगाडा लाकडाचाच असे.

घर मोजायचे ते खणावर. ‘पाच खणांचं घर’ असे आपण अजून म्हणतो. जमिनीवर दगडी उथळे, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडवे सर, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ऐपत असेल तर सागवान, नसेल तर बाभूळ आणि लिंब. चांगल्या घरात माळवदाचे ओझे खांबच पेलत. भिंत असे ती ऊन, वारा आणि चोर यांच्यासाठी. गरिबाच्या घरी मात्र खांब वाचवायचे म्हणून तुळईचे टोक सरळ भिंतीवर टेकवत.

उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असे हे घर आपल्या हवेला अगदी योग्य. पूर्वजांनी ते उगीच नाही निवडले. पण त्यात एक खोड हळूहळू शिरली. दरसाल मृगाआधी माळवद गळू नये म्हणून पांढरी मातीचा नवा थर टाकायचा. जुना थर काढायचा मात्र कोणी नाही. वर्षे गेली आणि मातीची जाडी हातभर झाली, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

आता हिशेब करून बघा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली आणि वर दीड फूट माती. म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास! भरलेल्या ट्रॉलीएवढी माती आपल्या डोक्यावर. वजन सुमारे ७ टन. पाऊस मुरला की आणखी वाढते. त्याच्या खाली आपली लेकरे झोपतात.

कोपराच का फुटतो?

घराचे चार कोपरे म्हणजे बैलगाडीच्या साटीचे चार सांधे समजा. सांधे घट्ट तर साटी घट्ट. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींना धरून असल्या तर एक डगमगली की दुसरी सावरते. धरून नसल्या तर दोघी एकट्या पडतात.

जुन्या जाणत्या गवंड्याला हे पक्के ठाऊक होते. गढीचा किंवा मोठ्या वाड्याचा कोपरा बघा. भिंत साध्या दगडांची असेल, पण कोपऱ्याला घडीव चिरे. एका थरात चिऱ्याची लांब बाजू या भिंतीत, वरच्या थरात त्या भिंतीत, जशी दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत. बीडच्या कंकालेश्वरासारख्या जुन्या मंदिरांत घडीव दगड एकमेकांत कसे बसवले आहेत, तेही जाता-येता निरखून पाहा.

साध्या घरांना घडीव चिरा परवडत नसे. मग गोल, ओबडधोबड दगड मातीत बसवायचे. भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये मातीचा आणि खड्यांचा भराव. दोन्ही पदर जोडणारा लांब दगड क्वचितच. कोपऱ्यात नुसते एकावर एक दगड. अशा कोपऱ्याचे शत्रू तीन :

१. पाणी. माळवदाची पन्हाळ कोपऱ्याजवळ सोडली की पाणी भिंतीवर ओघळते, मातीचा सांधा धुऊन जातो आणि जोते भिजते.

२. वाळवी. कोपऱ्यातला खांब बरेचदा भिंतीत गाडलेला असतो. त्याला ना वारा, ना ऊन. बाहेरून गिलावा छान आणि आत लाकडाचा भुसा! लाकडाचे कापलेले टोक पाणी सगळ्यात जास्त पिते, म्हणून कूज तिथून सुरू होते.

३. धक्का. गाडीचे चाक, आता ट्रॉलीचा कठडा, बांधलेले जनावर. म्हणूनच जुन्या वाड्याच्या वळणावरच्या कोपऱ्याशी एखादा मोठा धोंडा रोवलेला दिसतो. चाक त्याला घासावे, भिंतीला नव्हे.

३० सप्टेंबर १९९३

ही तारीख मराठवाडा विसरणार नाही. गणेश विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या आसपास होती. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. मी त्या वेळी अगदी लहान होतो, पण त्या पहाटेच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो.

नंतर अभियंत्यांनी पडलेली घरे तपासली तेव्हा जे दिसले, ते प्रत्येक माळवदवाल्याने ध्यानात ठेवावे. जाड भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटले होते. कोपरे उकलले होते. वरची माती खाली आली आणि माणसे तिच्याखाली दबली. मात्र काही घरांत भिंती ढासळूनही खांब-तुळयांची लाकडी चौकट उभी राहिली आणि आतली माणसे वाचली. तेव्हा दोष लाकडाचा नव्हता. मातीचे ओझे, सुटे दगड आणि न बांधलेला कोपरा, हे तीन खरे गुन्हेगार.

याच्या उलट उदाहरण हिमाचल प्रदेशात पाहायला मिळते. तिथे देवदाराचे लांब वासे आणि दगड असे एकाआड एक थर रचतात. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचे वासे एकमेकांवर चढवून अडकवतात आणि लाकडी खुंटीने जखडतात. या पद्धतीचे नावच ‘काठकुणी’. काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोना. बघा, कोपऱ्याचे महत्त्व किती, की सगळ्या घराला नाव कोपऱ्याचे! ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याला फार मोठा भूकंप झाला आणि सुमारे २० हजार लोक मेले. त्या पहाडी मुलखात लाकडाने बांधलेली अशी कितीतरी जुनी घरे आणि देवळे आजही उभी आहेत. आपल्याकडे देवदार नाही, पण कोपरा बांधायची अक्कल उसनी घ्यायला काय हरकत?

आता करायचे काय?

पाण्याआधी पाळ बांधावी, म्हणून ही कामे मृगाआधी करा.

१. माळवदाचे ओझे उतरवा. माती वीतभराच्या आत आणा. काढताना एका बाजूने खणत जाऊ नका. सगळीकडून सारखा थर उतरवा आणि काढलेली माती भिंतीशी रचू नका. राहिलेल्या मातीच्या थरांमध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर गळती थांबते आणि दरसाल माती टाकावी लागत नाही.

२. पन्हाळ कोपऱ्यापासून दूर न्या आणि भिंतीच्या बाहेर हातभर पुढे काढा. जोत्याभोवती मुरूम ठोकून बाहेरच्या बाजूला उतार द्या.

३. खांब तपासा. हातोडीने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर लाकूड चांगले, पोकळ आला तर सुतार बोलवा. नवीन खांब मातीत पुरू नका, दगडी उथळ्यावरच उभा करा. उघड्या लाकडाला, विशेषतः टोकांना, बेल तेलाचे दोन-तीन हात द्या. तेलाची चिंधी मात्र गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. वाळवीसाठी पूर्वी आल्ड्रिन, बीएचसी सांगत. त्यांवर आता बंदी आहे. परवानाधारक दुकानातून मान्य औषध घ्या, लेबल वाचा आणि धान्याच्या कणगीजवळ वापरू नका.

४. खांब आणि तुळई यांच्यामध्ये दोन्ही दिशांना तिरके टेकू बसवून बोल्टने आवळा. चौकट कलत नाही.

५. कोपरा बांधा. नवी दगडी भिंत असेल तर जाडी दीड फुटापेक्षा जास्त नको. दर दोन फूट उंचीवर आरपार जाणारे लांब दगड घाला आणि दोन दगडांमध्ये चार फुटांहून जास्त अंतर ठेवू नका. कोपऱ्यात दोन फुटी लांब दगड आलटून-पालटून बसवा. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून हूक केलेली सळई आणि काँक्रीट भरता येते, तसेच कोपऱ्याला जाळीचा पट्टा देता येतो. पण हे काम अभियंत्याला दाखवूनच करा. भोक पाडताना घण घालू नका, दगड हळूच सैल करून काढा.

६. मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा जाड गिलावा देऊ नका. आतली ओल कोंडते आणि भिंत आतून सडते. माती, भुसा आणि शेण यांचा किंवा चुन्याचा गिलावा बरा. बाहेरचा कोपरा धारदार न ठेवता गोलसर करा, म्हणजे टवका उडत नाही. गाडीच्या वाटेवरच्या कोपऱ्याशी आजोबा-पणजोबांसारखा एक धोंडा रोवा.

७. फट बोटाएवढी झाली, किंवा भिंत पोट काढून बाहेर आली, तर त्या खोलीत झोपणे आजपासून बंद करा. आधी बिछाने हलवा, मग दुरुस्तीचे बघा.

बंधूंनो, ‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. पण बांधलेले घर राखणे हेही तेवढेच मोठे काम आहे. केजच्या त्या आजोबांनी पावसाआधी माळवदावरची माती उतरवली, पन्हाळ हलवली आणि बिछाने दुसऱ्या खोलीत नेले. कोपरा बांधायचा अजून बाकी आहे. खळे झाल्यावर करू म्हणतात. मी त्यांना दर भेटीत आठवण देतो.

आपणही आज हा कागद वाचून झाला की उठा, घराला एक फेरी मारा आणि चारही कोपरे हात लावून बघा. पिकाची फेरी रोज घालतो, घराची वर्षातून एकदा तरी घालावी.

रामराम.