डिचोलीचा खडक, पेडण्याचा सडा

डिचोली आणि पेडणे हे गोव्याच्या नव्या काबिजादीतील दोन महाल. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून ते पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. डिचोली १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. भाषा, देवस्थाने, सणवार आणि शेतीची रीत या बाबतींत दोन्ही महाल एकमेकांचे सख्खे शेजारी. विसाव्या शतकात मात्र त्यांचे नशीब वेगळे झाले, आणि ते वेगळे केले भूगर्भाने. लोहखनिजाचा पट्टा डिचोलीतून निघून आग्नेयेकडे सत्तरी, सांगे, केपेपर्यंत गेला; पेडण्याच्या वाट्याला प्रामुख्याने जांभ्या दगडाचे सडे आले. डिचोलीचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास म्हणूनच टनांत सांगितला जातो. त्याच काळात तेथील पाण्याचे काय झाले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

पोर्तुगीज वसाहतींना लागू झालेला खाणकायदा १९०६ सालचा. त्याखाली दिलेल्या खाणसवलतींना खरा बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहू लागले. खनिज निघू लागले, तसे खडकाकडे शास्त्राचेही लक्ष गेले. गेर्हार्ट ऑर्टेल यांचे गोव्याच्या भूशास्त्रावरील लेखन १९५८ मध्ये पोर्तुगालच्या भूशास्त्रीय सेवेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पद्धतशीर नकाशे तयार केले, आणि १९८५ मध्ये गोकुळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राचीन खडकांची क्रमवार मांडणी केली. त्या मांडणीत लोह आणि मँगनीज ज्या थरांत सापडतात त्यांना नाव मिळाले 'डिचोली शैलसमूह'. आपल्या या लहानशा गावाचे नाव अशा रीतीने भूशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले.

या शैलसमूहाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. सर्वांत वर जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यातले काही पाणी हा जांभा पोटात घेतो आणि उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. त्याखाली मऊ चिकणमातीसारखे थर, आणि त्यांच्याखाली किंवा त्यांच्यामध्ये लोहखनिज. हे खनिज वरच्या भागात कठीण, ढेकळांच्या रूपात असते; खोल गेल्यावर त्याची भुकटी लागते. आता ही भुकटी म्हणजे भूजलाच्या दृष्टीने काय? कणाकणांमध्ये पाणी साठवणारा उत्तम जलधारक थर. खनिज आणि पाणी ही येथे दोन वेगळी संपत्ती नव्हेत. पुष्कळ ठिकाणी एकाच खडकाची ती दोन नावे आहेत. खनिज काढणे म्हणजे पाण्याची कोठीच उचलून जहाजात भरणे.

सुरुवातीच्या काळात याची जाणीव झाली नाही, याचे कारणही याच रचनेत आहे. पहिली काही वर्षे मजूर हातांनी वरचे ढेकळी खनिज वेचीत. खाण भूजलपातळीच्या वरच राही आणि गावच्या विहिरी भरलेल्या असत. पुढे यंत्रे आली, भुकटीलाही गिऱ्हाईक मिळाले आणि खाणी खाली खाली गेल्या. काहींचा तळ तर समुद्रसपाटीच्याही खाली पोचला. खंदकात येणारे पाणी रात्रंदिवस पंपांनी उपसल्याखेरीज काम चालेना. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती बाजूला काढावी लागे. तिचे डोंगर उभे राहिले आणि पावसात ती माती शेतांत व ओहोळांत उतरली. श्री लईराई देवीचे शिरगाव हे याचे बोलके उदाहरण होय. जत्रेत अग्निदिव्याला उतरणाऱ्या व्रतस्थ धोंडांच्या आचारात स्नानाला मोठे स्थान आहे. त्याच गावातील झरे आणि विहिरी खाणींमुळे आटल्याची तक्रार ग्रामस्थ वर्षानुवर्षे करीत राहिले आणि ती न्यायालयापर्यंत गेली.

संशोधन झाले नाही असे नाही. ते उशिरा झाले. टाटा ऊर्जा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये खाणपट्ट्याचा पर्यावरणविषयक आराखडा सिद्ध केला. गोवा विद्यापीठातील भूजलशास्त्रज्ञ डॉ. ए. जी. चाचडी यांनी खंदकांतील उपसा आणि आसपासची भूजलपातळी यांच्या संबंधाचा अभ्यास केला. गोवा भूजल नियमन कायदा आला तो २००२ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर एक्केचाळीस वर्षांनी. आमचे आयुष्य सरकारी कागदपत्रांत गेले असल्याने एक गोष्ट आमच्या ध्यानी येते: खनिजाचा हिशेब खाण खात्याकडे आणि पाण्याचा जलसंपदा खात्याकडे. खडक एक, फायली दोन. स्वामित्वधन टनावर मिळते म्हणून टनांची नोंद काटेकोर झाली. विहिरीची पातळी उतरल्याने तिजोरीत काही कमी होत नसल्याने ती नोंद तितक्या निगुतीने ठेवण्याची कोणास निकड भासली नाही.

२०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात पाच कोटी टनांवर गेली. शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिजविक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. पंप थांबले आणि खंदकांत पाणी चढले. उन्हाळ्यात नद्यांचे पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा हेच खंदकांतील पाणी नद्यांत सोडण्याचा विचार सरकारला करावा लागला. ज्या पाण्याला पन्नास वर्षे अडथळा मानले, तेच शेवटी आधाराला आले. पुढे २०२२ अखेर लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले.

आता पेडण्याकडे वळू. तेथे लोहखाणींचा हा इतिहास नाही. परंतु सडा तोच, जांभा तोच आणि सड्याच्या पायथ्याशी झरणारे झरेही तसेच. कुळागरे आणि भातशेती त्यांवरच उभी. मोप्याच्या सड्यावरील विमानतळाचा पर्यावरण परवाना सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केला, जानेवारी २०२० मध्ये अटींसह ती स्थगिती उठवली, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. सड्यावर धावपट्टी, रस्ते, इमारती आल्या म्हणजे पाऊस मुरण्याची जागा तेवढी आक्रसते. दुसऱ्या टोकाला किनारा आहे. गोड्या भूजलाचा उपसा वाढला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. हा धोका सहा घटकांवरून मोजण्याची पद्धत डॉ. चाचडी यांनी लिस्बनच्या संशोधकासमवेत या शतकाच्या आरंभी बसवली आणि तिचा वापर शेजारच्या बार्देश तालुक्यात करून पाहिला. मोजमापाचे साधन पेडण्याच्या उंबरठ्यावर आहे.

विकास नको, खाण नको, असे आम्ही म्हणत नाही. खनिजावर हजारो कुटुंबे जगली हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच, की खनिजाच्या निधीत पैसा साठतो, परंतु गेलेला जलधारक थर त्यातून विकत आणता येत नाही. म्हणून पंप सुरू होण्याआधी आणि सडा झाकला जाण्याआधी गावोगावच्या विहिरींची आणि झऱ्यांची पातळी नोंदली जावी, आणि ती नोंद गावाला पाहता यावी. डिचोलीत ही मोजणी उशिरा सुरू झाली. पेडण्यात ती वेळेवर करणे अजून आपल्या हाती आहे.