शिक्षकांचा बर्नआउट

शिक्षकांचा बर्नआउट : शिकवण्याच्या नोकरीत वर्षानुवर्षे साचत गेलेल्या ताणातून येणारा शीण. मराठीत याला एकच रूढ प्रतिशब्द नाही. शिक्षक ‘जीव मेटाकुटीला आला’ म्हणतात, तेही पुरेसे नेमके आहे.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ही संज्ञा पुढे आणली. क्रिस्टिना मॅस्लॅक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत तीन गोष्टी पाहतात : भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना. मुलाचे नाव सुटून तो ‘तिसऱ्या बाकावरचा’ होतो, तेव्हा यातली दुसरी गोष्ट आली समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न मानता कामाशी निगडित स्थिती म्हटले. तेव्हा केवळ शिक्षकाला तपासून भागत नाही. त्याची नोकरीही तपासावी लागते.

नोकरी तपासायची तर मध्य प्रदेश पाहा. भोपाळच्या शिवाजी नगरात तिथल्या माध्यमिक शिक्षण मंडळाचे कार्यालय आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांचे वेळापत्रक तिथून निघते. पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांचा ताण निदान हंगामी असतो. नोकरीच्या अनिश्चिततेला हंगाम नसतो. या राज्यात आधी शिक्षाकर्मी आले, १९९७ च्या शिक्षण हमी योजनेत ‘गुरुजी’, मग अध्यापक संवर्ग. काम तेच, दर्जा व वेतन वेगळे. जानेवारी २०१८ मध्ये भोपाळच्या आंदोलनात महिला अध्यापकांनी मुंडण केले; त्याच वर्षी अध्यापकांना शालेय शिक्षण विभागात सामावून घेण्याचा निर्णय झाला. अतिथी शिक्षक मात्र मानधनावरच राहिले. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर राबतो. प्राथमिकसाठी हे मानधन २०२३ मध्ये दरमहा १६,००० रुपये झाले.

ताणाचा उरलेला वाटा अशैक्षणिक कामांचा. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची घोषणा त्यातूनच आली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने ही कामे वर्ज्य केली, पण जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांना मुभा ठेवली. मतदार याद्यांचे काम याच फटीतून बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून नेमलेल्या शिक्षकाच्या दारात येते. निवडणुकीची कामे शिक्षकांना सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले होते. मुलांचे तास त्यामुळे वाचतात. शिक्षकाचा रविवार जातो.