‘खासगी’ आणि ‘दौलत’: खासगीकरणाचा इतिहास आणि दोन जुने शब्द

मराठीत ‘खासगी’ हा शब्द ‘खासगीकरणा’हून कितीतरी जुना आहे. होळकरांच्या राज्यव्यवस्थेत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ ही दोन खाती वेगळी होती; दौलत राज्याच्या कारभाराची, तर खासगी राजघराण्याच्या मालकीची. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत (१७६७–१७९५) ठिकठिकाणी झालेल्या घाटांचा व मंदिरांचा खर्च प्रामुख्याने खासगीतून झाला. मालकी खासगी, परंतु विनियोग लोकांसाठी, हा प्रकार मराठी कारभाराला अपरिचित नव्हता. विसाव्या शतकातील खासगीकरण तपासताना हा भेद उपयुक्त ठरतो.

विकसित देशांतील या प्रक्रियेचा आरंभ बहुधा मार्गारेट थॅचर यांच्यापासून मानला जातो. वस्तुतः पश्चिम जर्मनीने १९६१ मध्येच फोक्सवागनचे ६० टक्के समभाग विकले होते आणि त्यांना ‘जनतेचे समभाग’ म्हटले होते. ब्रिटनने १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे ५०.२ टक्के समभाग विकले. १९८६ मध्ये ब्रिटिश गॅसची पाळी आली. फ्रान्समध्ये १९८२ मध्ये राष्ट्रीयीकृत झालेली सेंट-गोबेन ही कंपनी १९८६ मध्ये पुन्हा बाजारात आली. राज्याच्या नावे जे जनतेचे होते, तेच जनतेला विकत देताना ‘जनता’ हा शब्द मात्र कायम राहिला.

जपानचे उदाहरण अधिक बोलके आहे. १ एप्रिल १९८७ रोजी तेथील राष्ट्रीय रेल्वेचे प्रवासी वाहतुकीच्या सहा आणि मालवाहतुकीच्या एका कंपनीत विभाजन झाले. जुन्या कर्जाचा मोठा भाग मात्र स्वतंत्र सरकारी महामंडळाकडे गेला आणि १९९८ मध्ये अखेर सरकारी तिजोरीवर आला. होळकरी परिभाषेत सांगायचे तर मिळकत खासगीत गेली, देणे दौलतीत उरले.

मुंबईत वाढलेल्या एअर इंडियाबाबत हेच घडले. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी सुरू केलेल्या सेवेतून उभी राहिलेली ही कंपनी १९५३ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे परतली. १८,००० कोटी रुपयांच्या बोलीत १५,३०० कोटींचे कर्ज खरेदीदाराने स्वीकारले; सुमारे ४६,००० कोटींची देणी सरकारी कंपनीकडे वर्ग झाली.

अशा व्यवहारांसाठी मराठीने ‘निर्गुंतवणूक’ हा शब्द घडविला. ‘गुंतणे’ या देशी क्रियापदाला संस्कृत ‘निर्’ जोडून तो सिद्ध झाला. राज्य गुंत्यातून मोकळे होते, असा त्याचा ध्वनी आहे. उपरोक्त व्यवहारांत मात्र राज्य मालकीतून सुटले, देण्यातून सुटले नाही. केंद्राच्या निर्गुंतवणूक विभागाचे २०१६ मध्ये ‘गुंतवणूक आणि सार्वजनिक मालमत्ता व्यवस्थापन विभाग’ असे नामांतर झाले, तेव्हा हा नकारार्थी उपसर्गही गळाला.

दरम्यान उलट प्रवाहही सुरू झाला होता. ब्रिटनमधील रेल्वेमार्गांची मालकी असलेली रेलट्रॅक २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. फ्रान्सने २०२३ मध्ये ईडीएफ ही वीज कंपनी पूर्णतः सरकारी केली. २०२५ पासून ब्रिटनमधील प्रवासी रेल्वेसेवाही टप्प्याटप्प्याने राज्याकडे येऊ लागल्या. तेव्हा हा इतिहास सरकारीकडून खासगीकडे जाणाऱ्या सरळ रेषेचा नाही. मालकी कोणाची, याबरोबरच देणे कोणाचे आणि विनियोग कोणासाठी, हे विचारल्याशिवाय ‘खासगीकरण’ या शब्दाचा अर्थ पूर्ण होत नाही.